मुंबई–गोवा–लक्षद्वीप क्रूझ: सोबत सासूबाई आणि लहान मुलगा, बुकिंगआधी काय विचारून घ्यावं?

माजिवडा_ठाणे
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मुंबईहून सुटणारी गोवा–लक्षद्वीप क्रूझ घ्यायचं आमच्या घरात चाललंय. मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात, इन्सुलिन चालू आहे. लग्नाआधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रत्नागिरीला जायच्या, त्यामुळे सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच. एजंटला काहीही विचारलं की तो शो, बुफे आणि पूल यांच्यापलीकडे जात नाही.

माझे प्रश्न असे. इन्सुलिन ठेवायची सोय काय? प्रवासात एकादशी येतेय, सासूबाईंना उपासाचं मिळेल का? त्या रोज देवापुढे निरांजन लावतात, केबिनमध्ये चालेल का? त्यांना पहाटे चहा लागतो म्हणून छोटी इलेक्ट्रिक किटली न्यावी म्हणते. कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, बोट गोव्यात थांबते तेवढ्यात दर्शन होईल का? चौघांना एक केबिन पुरेल की दोन घ्याव्यात? आणि बोट लागली तर काय करायचं?

नेरुळ_सीवूड्स
ताई, मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो, शेवटी शेवटी प्रवासी जहाजांवरच होतो. निरांजन आणि किटली दोन्हींचं उत्तर सरळ नाही असंच आहे. कारण सांगतो म्हणजे बाकीचे बरेच नियम आपोआप कळतील.

जहाजावरच्या माणसाला बुडण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त असते. भर समुद्रात फायर ब्रिगेड येत नाही. विझवायचं तेही तिथल्याच लोकांनी, आणि पळून जायला दुसरी जागा नाही. म्हणून उघडी ज्योत, उदबत्ती, इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं सामान तपासताना बाजूला काढतात. केबिनच्या छतात धूर ओळखणारं यंत्र असतं, ते वाजलं की थेट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, कळतं. सासूबाईंना सेलवर चालणारी पणती घेऊन द्या. पहाटेच्या चहासाठी बुफे किती वाजता उघडतो आणि त्याआधी केबिनमध्ये चहा मिळतो का, त्याला पैसे पडतात का, हे विचारून घ्या. बाल्कनीची केबिन घेतलीत तर कठड्यावर ओले टॉवेल टाकू नका, वाऱ्यानं उडून खालच्या डेकवर जातात. निर्माल्यही समुद्रात सोडायचं नाही. प्रवाशानं जहाजावरून काहीच खाली टाकायचं नसतं, प्लास्टिक तर जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानं जगातल्या कुठल्याही समुद्रात टाकायला बंदी आहे. पिशवीत बांधून घरी आणा.

दुसरी गोष्ट मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं आणि काय करायचं याची तालीम. चढल्यावर लोक फोटो काढण्यात असतात आणि ड्रिलला कंटाळतात. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा सोलास हा आंतरराष्ट्रीय करार झाला, तिथपासून हे नियम वाढत आलेत. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकाला घासून कलंडली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल अजून व्हायचं होतं, कारण तेव्हा चोवीस तासांच्या आत घेतलं तरी चालायचं. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ते घ्यावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलालासुद्धा पाठ करून द्या.

तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं म्हणजे आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. सासूबाईंना जिने चढायला मदत लागेल हे बुकिंगमध्येच लिहून द्या, आणि चढल्यावर गेस्ट सर्व्हिसला पुन्हा सांगा. अशा प्रवाशांची वेगळी यादी असते, त्यांच्या मदतीला माणसं नेमलेली असतात. यादीत नाव नसेल तर ऐन वेळी शोधाशोध होते. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेटही पहिल्याच दिवशी मागून घ्या.

कळवा_पूर्व
जायचं कसं ते मी सांगतो. मोठी क्रूझ बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आणि लाँचेस सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसतं 'धक्का' म्हटलंत तर तो तिकडेच नेईल, आणि तुमच्या सासूबाईंच्या डोक्यात तर तोच असणार. माजिवड्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, चेंबूरला ईस्टर्न फ्रीवे, आणि पी. डिमेलो रोडला उतरायचं. ऑरेंज गेटजवळ बोगद्याचं काम चालू असल्यानं तिथे गाडी अडकते, तास दीड तास हाताशी ठेवा. रविवार असेल तर ठाण्याहून लोकलचा विचार नको, मेगाब्लॉक असतो. पनवेल-उलव्याकडचं कोणी वाचत असेल तर त्यांना अटल सेतू बरा, शिवडीला उतरलात की जवळच.

तिकिटावरची 'बोर्डिंग बंद' वेळ पाहा, सुटायची नव्हे. बोर्डिंग बंद झाल्यावर जहाज समोर उभं दिसत असलं तरी चढू देत नाहीत. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलाचंही. वेब चेक-इन घरीच करा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर देऊन टाकायच्या, त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर, कागद हातातल्या पिशवीत.

कोपरखैरणे_नर्सताई
कळवेकरांनी औषधं हातातल्या पिशवीत म्हटलंय ते अगदी ठळक करा, इन्सुलिन मोठ्या बॅगेत जाता कामा नये. मी मधुमेहाच्या ओपीडीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर चालतं, तुमच्या पेनाच्या आतला कागद वाचून खात्री करा. केबिनमधला छोटा फ्रिज पेयं गार करण्यापुरता असतो, काही फ्रिज तर दारापाशी खाचेत लावलेलं केबिनचं कार्ड काढलं की बंद पडतात. त्यामुळे वैद्यकीय कारणासाठी फ्रिज किंवा मेडिकल सेंटरमध्ये ठेवायची सोय आहे का, हे लेखी विचारा. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, केबिन साफ करणाऱ्याच्या हाताला टोचतात. सुयांचा वेगळा डबा मागितला की देतात. प्रिस्क्रिप्शनवर आजींचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसंच असू द्या.

पण मला खरी काळजी वाटते ती एकादशीची. धान्य बंद, त्यात डेकवर नेहमीपेक्षा जास्त चालणं, आणि इन्सुलिनचा डोस मात्र रोजचाच, अशानं साखर एकदम खाली येते. उपासाच्या दिवशीचा डोस निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनानं कमी-जास्त नको. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये हवी, तुमच्याकडे नव्हे, कारण तुम्ही पूलवर असाल आणि त्या लाउंजमध्ये.

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर उपयोग कमी. एव्होमिनसारख्या गोळीनं झोप येते. काठीनं चालणारं माणूस, त्यात गुंगी आणि हलणारी जमीन, म्हणजे पडायची भीती. तीही डॉक्टरांना विचारूनच. आल्याची वडी, थोडं थोडं खाणं, उघड्यावर बसून क्षितिजाकडे बघणं यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आणि मुलाला जेवणाआधी साबणानंच हात धुवायला लावा. जहाजांवर उलट्या-जुलाबाची साथ आणणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला नीट दाद देत नाही.

घंटाळी_नौपाडा
उपासाच्या जेवणाबद्दल माझा अनुभव चांगला आहे. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जैन जेवण मागितलं की मिळतं, ते त्यांच्या सरावाचं आहे. 'उपास' एवढंच सांगितलं तर मात्र शेफ महाराष्ट्राबाहेरचा असला की कांदा-लसूण काढून पोळी-भाजी पुढे ठेवतो. म्हणून पदार्थच सांगा: उकडलेले बटाटे, तूप-जिऱ्याची फोडणी, शेंगदाण्याचं कूट, हिंग-हळद नको. साबुदाणा असेल तर उत्तम. हे आदल्या रात्री रेस्टॉरंट मॅनेजरला भेटून सांगायचं, सकाळी बुफेच्या रांगेत नाही. दूध, दही, फळं तर असतातच. घरी केलेलं फराळाचं तपासणीत अडवतात. कारखान्याचं सील असलेली राजगिऱ्याच्या वडीची किंवा खजुराची पाकिटं सहसा जाऊ देतात, तरी तीही मेलमध्ये विचारून ठेवा.

माजिवडा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. एकादशीचा डोस हे माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. केबिनचं सांगाल का? एजंट म्हणतो चौघांना एक बाल्कनीची केबिन स्वस्त पडेल. शिवाय टॉयलेटमध्ये जेट असतो का, मोबाइल चालतो का, पैसे कसे द्यायचे?

नेरुळ_सीवूड्स
चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन बर्थ छतातून उघडणारे असतात, शिडीनं चढायचे. रात्री सासूबाई उठल्या की त्यांना ती शिडी टाळून जावं लागणार. मी दोन केबिन घेईन, शेजारी-शेजारी, खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध. बागेतल्या सी-सॉसारखंच, टोकाला हेलकावा जास्त आणि मध्याला कमी. वरच्या डेकवरच्या बाल्कनीपेक्षा खालची साधी खिडकीची केबिन त्यांना सोसेल. लिफ्टपासून फार लांब नको. व्हीलचेअरच्या केबिन मोजक्याच असतात, रुंद दार आणि बाथरूमला उंबरठा नसलेली हवी असेल तर आजच सांगा.

टॉयलेट हवेच्या दाबावर चालतात. वेट वाइप्स किंवा पॅड टाकलं तर तुमचंच नाही, त्या रांगेतल्या सगळ्यांचं तुंबतं. जेटबद्दल विचारा, आणि एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकाच. नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून शुद्ध केलेलं असतं. बाटलीबंद पाण्याचे पैसे पडतात, रिकामी बाटली नेऊन बुफेतून भरून आणा.

फोन विमान मोडवर. किनारा सुटला की जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल येतं. खर्च सगळा केबिनच्या कार्डावर. मुलाच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या, रोज एकदा हिशेब बघा. जाहिरातीतल्या दरात जीएसटी, बंदर शुल्क आणि प्रतिदिन सेवाशुल्क धरलंय का, हे एजंटकडून लिहून घ्या.

उलवे_खारकोपर
कवळ्याला जरूर जा. जहाजाच्या सहली बीच आणि जुन्या गोव्याची चर्च दाखवतात, देवळाचं दर्शन त्यात नसतं. आम्ही मुरगाव बंदराबाहेर टॅक्सी केली, वेर्ण्यावरून बोरीचा पूल ओलांडून तास-सव्वा तासात शांतादुर्गेला पोचलो. ओटीसुद्धा भरून झाली.

नेरुळ_सीवूड्स
जायला माझी हरकत नाही, पण फरक माहीत असू द्या. कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही स्वतःच्या टॅक्सीनं गेलात आणि उशीर झाला तर ते तुमच्यासाठी थांबणार नाही, बंदरातल्या जागेची वेळ ठरलेली असते. सगळ्यांनी जहाजावर परत यायची वेळ सुटण्याच्या आधीची असते, ती धरा आणि त्याच्या दोन तास आधी बंदरात परत या. टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा. जहाजावर मिळणाऱ्या रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. इन्सुलिन आणि ओळखपत्रं सोबत.

माजिवडा_ठाणे
ओटी भरून झाली हे वाचून सासूबाईंनी लगेच खण बाजूला काढून ठेवला. मेल तयार केलाय: वैद्यकीय फ्रिज, सुयांचा डबा, मस्टरच्या वेळी मदत, दोन केबिन मधोमध, उपासाचं जेवण, जेट, गोव्यात थांबण्याची नक्की वेळ. काही राहिलं का?

नेरुळ_सीवूड्स
लक्षद्वीप राहिलं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्यानं जहाज बाहेरच उभं राहतं आणि लहान बोटींतून नेतात. हलणाऱ्या फळीवरून हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकायचं असतं, आणि कोणाला उतरू द्यायचं हे तिथला खलाशी त्या क्षणी ठरवतो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की कदाचित त्यांना जहाजावरूनच बेट पाहावं लागेल, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ कोण थांबणार हेही आताच ठरवा. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं सगळ्यांचंच रद्द होतं, तेव्हा पैसे परत मिळतात का, ही ओळ मेलमध्ये घाला. बेटावर जायला परवाना लागतो, कंपनी मागेल ते कागद वेळेत द्या. आणि मुलाला प्रवाळाचा तुकडा खिशात घालू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे, तपासणीत सापडला तर कारवाई होते.