ठाणे की नवी मुंबई? तुमचं कसं ठरलं? (अनुभव धागा)

चरईकर
आमची चरईतली इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीय. काल माळा उपसताना बाबांच्या फाइलमध्ये वाशीच्या घरासाठी भरलेल्या अर्जाची पावती सापडली आणि सगळं आठवलं. वाशीला लोकल १९९२ साली आली, ही त्याच्या बरीच आधीची गोष्ट. खाडीपुलावरून बसने जागा बघायला गेलो होतो. रस्ते हे एवढे रुंद आणि त्यावर चिटपाखरू नाही. बाबा खूश! आईने एकच विचारलं, "इथे मेथीची जुडी कोणाकडून घ्यायची?" झालं, आम्ही ठाणेकरच राहिलो.

आता तोच प्रश्न माझ्यापुढे. भाड्याने का होईना, पण कुठे? नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीत, माझी शाळा मुलुंडला, सासूबाईंचे गुडघे सासूबाईंपाशी. डोक्यात मानपाडा, नेरूळ आणि खारघर आहे. रेट विचारत नाहीये, ते दलाल न विचारता सांगतात. राहून कसं वाटतं ते लिहा. तुमचं कसं ठरलं तेही.

पामबीचवाला
आईंना सांगा, आता अख्ख्या मुंबईची मेथी वाशीच्या एपीएमसी मार्केटातूनच जाते 😀

चरईकर
ती म्हणतेय, "मग जुडी महाग का?"

घोडबंदरग्रस्त
मानपाडा. हॉलमधून येऊरचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर खिडकीतून हलावंसं वाटत नाही. बिल्डरने हे दाखवलं ते खरंच दाखवलं. मात्र "स्टेशन पंधरा मिनिटांवर" म्हणाला ती मिनिटं रात्री दोनची. सकाळी शेअर रिक्षाची रांग, मग मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे, मग कापूरबावडी, मग माजिवडा. तिकडे गायमुख घाटात ट्रक बंद पडला की इकडे आमच्या मुलांच्या स्कूलबसला उशीर. सातच्या आत निघा नाहीतर अकरानंतर. बाकी शाळा, दवाखाने, भाजी सगळं खाली उतरलं की आहे. सासूबाई खूश राहतील, तुमचं तुम्ही बघा.

कांदेपोहे
+१. मेट्रो झाली की बोलू. कढईत पोहे आहेत, नंतर लिहिते.

खारघरची
खारघर सेक्टर २० च्या आसपास. दोन गोष्टी आधीच सांगते, कारण आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या.

खारघर, कामोठे, कळंबोलीला सगळे "नवी मुंबई" म्हणतात, पण नवी मुंबई महापालिकेत नाहीत. २०१६ ला पनवेल महापालिका झाली, त्यात आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूरकडच्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे "नवी मुंबईत पाण्याची ददात नाही" हे वाक्य तिकडचं. आमच्या सोसायटीत एप्रिल उजाडला की टँकर आणि टँकरच्या बिलावरून मीटिंगमध्ये भांडणं. घर बघायला जाल तेव्हा वॉचमनला एकटं गाठून विचारा, टँकर किती वाजता येतो. "येतो का" विचारलंत तर नाही म्हणेल.

दुसरं, काही रात्री तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की वास येतो. खिडक्या लावून झोपायचं.

तरी मी खारघर सोडणार नाही. सेंट्रल पार्कला सकाळी चालते, पावसात पांडवकड्याचा धबधबा लांबून दिसतो, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून सासरे एकटे फिरून येतात. त्यांना कुठे जायचं नसतं. नुसते बसतात आणि परत येतात.

घोडबंदरग्रस्त
सासऱ्यांना आमच्या इथले मेट्रोचे खांब मोजायला पाठवा.

ठाकुर्लीचा ठोंब्या
डोंबिवलीला कोणी विचारतच नाही का?

पामबीचवाला
आधी ८.१३ च्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा करा, मग विचारतो.

नौपाड्यातले काका
मी जन्माचा ठाणेकर, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर, १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, गडकरी रंगायतनला नाटक आणि पाडव्याला कौपीनेश्वराहून निघणारी शोभायात्रा, एवढं पायी जमतं. मुलाकडे वाशीला महिनाभर होतो. सगळं स्वच्छ, आखीव. पण सेक्टर नऊ आणि दहामध्ये फरक कसा ओळखायचा? दूध आणायला गेलो आणि दुसऱ्याच इमारतीच्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर बेल वाजवली. त्या बाईंनी चहा दिला, हे मान्य केलं पाहिजे.

खारघरची
काका 😂 बघा, नवी मुंबईत माणुसकी आहे.

पामबीचवाला
आणि नाटकं वाशीला विष्णुदास भावेला लागतात की. काका, पुढच्या वेळी चहा घेऊन तिथे या.

रबाळे फास्ट
ताई, तुम्ही ऐरोलीच का बघत नाही? ऑफिस तिथेच. मुलुंड पुलापलीकडे, बस आहे, स्कूटर असेल तर प्रश्नच मिटला. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांचा टोलही गेला. माहेरची आठवण आली तर ट्रान्स हार्बर लोकलने थेट ठाणे. २००४ ला ती लाइन सुरू झाली तेव्हा आम्ही कळव्याहून ऐरोलीत आलो. बाबा म्हणाले होते, गाडी आली म्हणजे गाव आलं. फक्त ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या जिन्यावर संध्याकाळी सासूबाईंना नेऊ नका.

नेरूळहून मुलुंडला रोज म्हणजे दोन गाड्या आणि मधे ठाण्याचा तोच जिना. शाळा सकाळची असेल तर विचारही करू नका.

चरईकर
सकाळचीच आहे. ऐरोली खरंच डोक्यात नव्हतं.

कागदपत्रे आधी
भाड्याने जाताय तर ठीक, पण पुढे विकत घ्याल म्हणून लिहून ठेवतो. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, जमीन बहुतेक ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. रिसेलचं घर घेताना ट्रान्सफर फी कोण भरणार ते टोकन द्यायच्या आधी ठरवा. आणि गावठाणात नवी इमारत, फ्लॅट निम्म्या किमतीत, असं कोणी दाखवलं तर ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. ओसी नाही म्हटल्यावर बँक दारातूनच परत पाठवते. माझ्या मेहुण्याने दागिने मोडून रोख दिले, त्यावर अजून घरात कोणी बोलत नाही.

गावठाणातला
गावठाणाचा विषय निघालाच आहे तर थोडं आमचंही. तुम्ही नोड नोड म्हणता तिथे आमची भातखाचरं होती, मिठागरं होती. १९७० ला सिडको आली आणि जमिनी गेल्या. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळायला आजा गेला, बापाच्या वेळी मिळाला. गावात घरं वाढली ती पोरांची लग्नं झाली म्हणून, सगळीच काय विकायला बांधलेली नाहीत. ओसीचं म्हणणं बरोबर आहे, तेही सांगतो. फसू नका. पण "गाववाले" म्हणजे फसवणारे असं नको.

कागदपत्रे आधी
दादा, तसं म्हणायचं नव्हतं. मेहुण्याला फसवणारा दलाल बाहेरचाच होता.

गावठाणातला
माहीत आहे हो. राग नाही. ताई, ऐरोलीत आलात की मासळीला बेलापूरच्या दिवाळे गावात जा. सकाळी लवकर.

कांदेपोहे
आले. पोहे करपले. धागा वाचला, मी नेरूळला राहते, लिहायचं तेवढं आहे पण आता डबा पुन्हा बनवायला घेते. डास आणि फ्लेमिंगो दोन्ही आहेत, एवढं तूर्तास घ्या.

चरईकर
सगळ्यांना धन्यवाद. शनिवारी ऐरोलीत दोन घरं बघतेय. वॉचमनला टँकरची वेळ विचारणार 😀 सासूबाईंनी मात्र एवढ्या सगळ्यातून फक्त दिवाळ्याची मासळी ऐकली. विचारतायत, जिताडा मिळतो का?

गावठाणातला
खाडीचा असेल त्या दिवशी मिळतो. रोज असेलच असं नाही. ओळख नसेल तर आधी कल्ला उचलून बघा, लाल असला तर घ्या.

नौपाड्यातले काका
आणि डोकं टाकायला सांगू नका. कालवणाला तेच लागतं.

खारघरची
काका, तुम्ही शाकाहारी ना?

नौपाड्यातले काका
घरी.