एडीआय हब: हिशोबात कार्बाइड नाही, कापल्यावर दिसतं

उद्यमबाग_ओतकाम
ट्रॅक्टरचा फोर्ज केलेला आर्म एडीआयमध्ये (गोल ग्रॅफाइटचं बीड, उष्णता देऊन सॉल्ट बाथमध्ये बळकट केलेलं) करायचा आहे, ग्रेड १०५०-७५०-०७ (ताणताकद आणि यील्ड मेगापास्कलमध्ये, लांबण टक्क्यांत). हब ४५ मिमी भरीव. रसायन: कार्बन ३.६, सिलिकॉन २.५, मँगनीज ०.३५, तांबं ०.७, मॉलिब्डेनम ०.२५ टक्के, निकेल महाग म्हणून शून्य. ९०० अंशांवर दीड तास, मग ३५० अंशांच्या सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारात). पायकॅलफॅडमध्ये (समतोलात काय बनेल याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) ९०० अंशांना फक्त ऑस्टेनाइट आणि ग्रॅफाइट येतं. हब कापला तर मधोमध पर्लाइट (थंड व्हायला उशीर झाला की बनणारी नको असलेली रचना), सेलच्या (एका ग्रॅफाइट गोळीभोवती थिजलेल्या भागाच्या) कडेला ठिसूळ कार्बाइड. पर्लाइट टाळायला मॉलिब्डेनम ०.३५ वर न्यावं काय?

खानापूर_मेटलर्जी
नको दादा, उलट कमी करा. तुमचा समतोलाचा हिशोब रसायन सगळीकडं सारखं धरतो. ओतकाम थिजताना मँगनीज आणि मॉलिब्डेनम शेवटच्या द्रवात ढकलले जातात, तिथंच कार्बाइड बनतं. सिलिकॉन, तांबं, निकेल मात्र नोड्यूलजवळ (ग्रॅफाइटच्या गोळीजवळ) राहतात. म्हणजे नोड्यूलभोवती मॉलिब्डेनम सरासरीपेक्षा कमी, आणि पर्लाइट तिथूनच सुरू होतं.

शाइल पद्धतीनं (घनात मूलद्रव्यं सरकत नाहीत असं धरून) थिजण्याचा हिशोब करा. कार्बन मात्र घनातही झपाट्यानं सरकतो, तशी सूट द्या. डेटाबेसमध्ये तांबं आणि ग्रॅफाइट दोन्ही आहेत का ते आधी बघा. ग्रॅफाइट नसेल तर सगळा जादा कार्बन सिमेंटाइटमध्ये (लोखंडाच्या कार्बाइडमध्ये) दिसेल. मग निकेल ० ते २ (०.२ च्या पायरीनं), तांबं ०.४ ते ०.८ (०.१), मॉलिब्डेनम ० ते ०.२ (०.०५) अशी २७५ रसायनं चालवा. मँगनीज तुमच्या स्क्रॅपमध्ये येतं तेवढंच ठेवा. फक्त किमतीवर निवड सोडली तर हिशोब निकेल काढून मॉलिब्डेनम भरतो. म्हणून शेवटच्या द्रवातल्या कार्बाइडवर मर्यादा घाला. सुरुवातीला मँगनीज ०.२५ च्या आत, तांबं ०.८, निकेल १.४, मॉलिब्डेनम ०.१ घेऊन बघा.

शाइलला नोड्यूल किती आहेत ते कळत नाही. ओतताना धारेत ०.१ ते ०.२ टक्के इनॉक्युलंट (नोड्यूल वाढवणारी पूड) द्या. नोड्यूल वाढले की सेल लहान होतात, साठलेलं मँगनीज पांगतं.

मच्छे_हीटट्रीट
रसायनाइतकंच बाथकडंही बघा. थर्मोडायनॅमिक्स वेळ सांगत नाही. ४५ मिमी जाडीच्या एडीआय बारमध्ये मध्यापर्यंत भोक पाडून १.५ मिमीचा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, ९०० वरून बाथमध्ये सोडा, दर सेकंदाला तापमान नोंदवा. त्या वक्रावर उष्णता-संक्रमणाचा गुणांक (बाथ किती जोरानं उष्णता ओढतो तो आकडा) बसवून घ्या. पुस्तकातला उचलू नका. बाथ ढवळणं बंद असेल किंवा टोपलीत आर्म एकाला एक चिकटून असतील तर तो बराच घसरतो.

हत्तरगी_डिझाइन
हब भरीव कशाला? कोअर (साच्यात पोकळी ठेवणारा गाभा) घालून भिंत २५ मिमीवर आणली तर निकेल बरंच कमी लागेल. टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन (धातू कुठं ठेवायचा, कुठं काढायचा याचा हिशोब) करताना तीन गोष्टी: मॉड्युलस (ताठपणा) १६५ गिगापास्कल द्या, स्टीलचा २०५ तसाच राहिला तर आर्म प्रत्यक्षात जास्त वाकेल. साचा उघडायची दिशा बांधून घ्या, नाहीतर पॅटर्न निघणार नाही असा आकार येतो. किमान जाडी ८ मिमी ठेवा. पातळ फासळी लवकर थंड होऊन चिल होते (ग्रॅफाइटऐवजी कार्बाइड बनतं).

उद्यमबाग_ओतकाम
कोअरचं पटलं. पण २५ मिमी भिंतीला निकेल किती पुरेल, शाइलवरून कळेल का?

मच्छे_हीटट्रीट
एकट्या शाइलवरून नाही. मोजलेला गुणांक घालून २५ मिमी भिंतीच्या मध्याचा वक्र काढा आणि नोड्यूलजवळच्या रसायनाच्या टीटीटी वक्राशी (किती अंशांवर किती वेळात पर्लाइट सुरू होतं ते दाखवणारा) ताडा. पर्लाइटच्या नाकाला (त्या वक्राचं सगळ्यात आधीचं टोक) न शिवता जाणारं सगळ्यात कमी निकेल घ्या. त्याच हीटमधून २५ मिमीचा वाय-ब्लॉक (चाचणीचा ठोकळा) ओता आणि आर्मसोबत एकाच टोपलीत टाका.