दुसरीच्या मुलांना गोष्ट लिहायला कशी शिकवता? आणि मार्क नक्की कशाचे देता?

दिंडोरीची_बाई

नमस्कार मंडळी. झेडपी शाळेत आहे, दिंडोरी तालुका (नाशिक जिल्हा), दुसरीचा वर्ग, पट 31. मागच्या आठवड्यात फळ्यावर चार चित्रं काढली आणि म्हटलं यावरून गोष्ट लिहा. अर्ध्याहून जास्त पोरांनी चित्रांकडे बघितलंच नाही, सरळ तहानलेला कावळा लिहून मोकळे. घरी ताई-दादाच्या गाइडमधून पाठ केलेला, खाली "तात्पर्य" सुद्धा. अक्षर मोत्यासारखं, एक काना चुकलेला नाही.

आणि एका मुलीने हे लिहिलं, जसंच्या तसं देतेय:

"आमचि कुत्रि ला पिले झालि. एक पिलु टाकित पडल. सगळे रडले. आजि न बादलि सोडलि. पिलु बादलित बसल. मि हसलि."

आता मला सांगा, कावळ्याला किती देऊ आणि पिल्लाला किती देऊ? आमच्या शाळेत पद्धत अशी की लाल पेनाने गोल करायचे आणि गोल मोजून मार्क कापायचे. तसं केलं तर ही पोरगी शून्याच्या खाली जाईल. पण मला तर तिचीच गोष्ट गोष्ट वाटली. सहामाही तोंडावर आलीय, आकारिकच्या (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदी भरायच्यात. आणि मुळात शिकवायचं कसं हेही सांगा, कारण "विचार करून लिहा" म्हटलं की पोरं पेन्सिलीचं टोक चावत बसतात.

सुरगाण्याचे_गुरुजी

बाई, आधी त्या पोरीला माझ्यातर्फे एक पेरू द्या.

लिहिण्याआधी सांगायला लावता का? माझी 19 वर्षं त्यातली बरीचशी सुरगाणा-पेठकडे गेली, घरात कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी पोरं, वर्गात पुस्तकी मराठी ऐकली की तोंड मिटायची. पहिली दोन वर्षं मी पण वही उघडा म्हणायचो आणि हात चोळत बसायचो. मग लक्षात आलं की ज्याला गोष्ट तोंडाने पुरी सांगता येत नाही तो कागदावर कुठून आणणार, त्याचा निम्मा जीव तर अक्षर वळवण्यातच जातो. सहा-सात वर्षाच्या पोराला अक्षर आठवणं, मात्रा लावणं, ओळीवर राहणं हीच एवढी मेहनत असते की पुढचं वाक्य डोक्यातून निसटून जातं. आळशीपणा नसतो तो.

मी असं करतो, एक गोष्ट आठवडाभर पुरवतो. सोमवारी सांगायची, हातवारे करून, पोरांनी पण सोबत करायचे. मंगळवारी पोरंच सांगतात, एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं. मग त्यातली एक गोष्ट बदलायची. तुमचाच कावळा घ्या ना. कावळ्याच्या जागी चिमणी टाका. चिमणीची चोच एवढीशी, खडा उचलवत नाही, आता काय करेल? पाठ केलेलं तिथेच संपतं, तिथून पुढे पोराला स्वतःचं डोकं लावावंच लागतं.

त्यानंतर साधा कोरा कागद, दोनदा घडी, चार चौकोन. कोण होतं, काय झालं, मग काय केलं, शेवटी काय. आधी नुसती चित्रं. चित्रावर बोट ठेवून शेजारच्याला गोष्ट सांगायची. हे झालं की मगच चौकोनाखाली एकेक वाक्य. ज्याला लिहिता येत नाही त्याचं वाक्य चौथीतलं पोर लिहून देतं, आमची शाळा द्विशिक्षकी आहे त्यामुळे हा एकच फायदा, मोठी पोरं हाताशी असतात. लिहिणाऱ्याला ताकीद एकच, तो बोलला तेच लिहायचं, सुधारायचं नाही. कोकणी शब्द आला तर कोकणी शब्द. "आणि मग, आणि मग" चालू राहतं, राहू दे, त्या वयात गोष्ट तशीच चालते.

पंचवटीची_शिक्षिका

गुरुजींचं वाचायला छान वाटतं पण मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. शुद्धलेखन नंतर बघू, नंतर बघू म्हणत आपण चौथीपर्यंत येतो आणि मग पाचवीच्या बाई आपल्या नावाने बोटं मोडतात. माझ्याकडे चौथी आहे, 48 मुलं, गेल्या वर्षी एका मुलाने "दिवाळी" हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हेने लिहिला होता. पालक वही बघतात आणि म्हणतात बाईंनी तपासलंच नाही. शिवाय सगळेच काही पिल्लू-बादली लिहीत नाहीत हो, बऱ्याच गोष्टी "आणि मी उठलो तर ते स्वप्न होतं" वर संपतात. त्यांचं काय करायचं?

आणि पाठांतराला एवढी नावं पण ठेवू नका. ज्याने कावळा पाठ केलाय त्याच्या कानात निदान गोष्टीचा ठेका बसलाय.

आई_गंगापूररोड

मी शिक्षिका नाही, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझा मुलगा तिसरीत. शाळेचं नाव घेत नाही. "नदीला पूर आला" यावर गोष्ट लिहायची होती. आता नाशिकच्या पोराला पूर म्हटलं की काय दिसणार, रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती. दर पावसाळ्यात आमच्याकडे हेच चालतं, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, आजोबांना फोन करून विचारायचं. तर याने लिहिलं, पाणी मारुतीच्या छातीला आलं तेव्हा पुढचं तोंड मागच्या तोंडाला म्हणालं, तुला पोहता येतं का रे. मी वाचून इतकी हसले. वही परत आली, 5 पैकी 2, शेरा "विषयाला धरून नाही", आणि "पोहता" भोवती लाल गोल कारण त्याने "पोहोता" लिहिलं होतं.

त्यानंतर तो गोष्ट लिहितो दोन ओळींची. "एक नदी होती. तिला पूर आला." चूक काढायला जागाच ठेवत नाही. 5 पैकी 4 मिळतात आता.

निफाड_बीट

वरची आईंची पोस्ट आमच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) वाचून दाखवायला हवी.

बाई, तुमच्या नोंदीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 30, तिसरी-चौथीला 60-40. म्हणजे दुसरीत गोष्टीचं वजन लेखी पेपरवर टाकायची गरजच नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम ही आकारिकचीच साधनं आहेत की. पोराने गोष्ट सांगितली, तुम्ही ऐकली, नोंद केली, ते मूल्यमापनच झालं. आपण मात्र 70 पण पेपरासारखेच वापरतो.

मी काय बघतो सांगतो. कुणीतरी आहे का (कुत्री, आजी, मारुती कोणीही), काही घडतं का, त्यावर कुणी काही करतं का, आणि ऐकणाऱ्याला मधेच "अरे पण पिल्लू कुठून आलं" असं विचारावं लागतं का. पिल्लाच्या गोष्टीत सहा वाक्यांत हे सगळं आहे. अडचण आहे, युक्ती आहे, शेवट आहे. पाठ केलेल्या कावळ्यात पण आहे, पण ते त्या मुलाचं नाही, त्यामुळे तिथे मी हस्ताक्षर आणि लेखनाची नोंद करेन, गोष्टीची नाही. त्याच्याकडून चिमणीची ऐकेन आणि मग ठरवेन.

आता शुद्धलेखन. पंचवटीच्या मॅडमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, पण त्या मुलीच्या सहा ओळी परत बघा. आमचि, कुत्रि, झालि, पिलु, आजि, बादलि, मि, हसलि. गोल करायला घेतले तर ऱ्हस्वचेच डझनभर होतात. पण चूक एकच आहे! शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ, तेवढं तिला अजून माहीत नाही. टाकित, बादलित मध्ये पण तेच, मूळ शब्द टाकी आणि बादली. "आणि", "परंतु" असे मोजके अपवाद नंतर सांगता येतात. पडल, बसल वर अनुस्वार नाही ही दुसरी, आणि आजीपासून "न" तुटलाय ही तिसरी. म्हणजे डझनाचे 12 मार्क कापण्यापेक्षा पुढच्या आठवड्यात शेवटच्या वेलांटीचा एक खेळ घ्या, अख्ख्या वर्गाला उपयोग होईल. अनुस्वाराला सध्या हात लावू नका. एका वेळी एकच.

नोंद लिहिताना "छान लिहिते", "सुधारणा आवश्यक" असलं नको, त्यातून पुढच्या बाईला काही कळत नाही. "घरातला प्रसंग क्रमाने सांगते, शेवट स्वतः शोधते, शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व लिहिते" एवढं पुरे. आणि जुलै, दिवाळीनंतर, मार्च अशी तीन वेळा एकाच चित्रावरची गोष्ट प्रत्येकाच्या फाइलीत ठेवा, तारीख टाकून. पालक वही घेऊन भांडायला आले की फाइल उघडायची.

स्वप्नाच्या शेवटाचं म्हणाल तर मी फक्त विचारतो, आणि उठला नसतास तर?

अजून एक, एकदा केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) आम्ही एकच गोष्ट सगळ्यांना तपासायला दिली होती, 10 पैकी. कुणी 3 दिले कुणी 8. चहा थंड झाला पण वाद मिटला नाही. तेव्हापासून मी पाच वह्या शेजारच्या वर्गाच्या सरांना देतो, त्यांच्या पाच मी बघतो, मार्क न सांगता.

पंचवटीची_शिक्षिका

"चूक एकच आहे" हे मान्य. माझ्याही वह्या उघडून बघते आज, किती जणांची हीच निघते. 48 चं मात्र काय ते तुम्हीच बघा, मी दोन पेनांवर आलेय, गोष्टीबद्दल निळ्याने एक वाक्य, लेखनाबद्दल हिरव्याने एक. लाल बंद. पालक अजून कुरकुरतायत.

दिंडोरीची_बाई

मंडळी, आज चिमणी केली. उत्तरं ऐका. एक म्हणाली चिमणीने कावळ्यालाच हाक मारली. एकाने मडकं कलंडवलं आणि सांडलेलं प्यायली. आणि एक पोरगा आहे, आईबाप द्राक्षबागेत कामाला आलेत सुरगाण्याहून, जूनपासून वर्गात पाच वाक्यं बोलला नसेल, तो उठला आणि म्हणाला, ती कशाला मडक्यात तोंड घालेल, बागेत ड्रिपची नळी गळते तिथे जाईल. मधले दोन शब्द त्याच्या कोकणीतले होते, मला कळले नाहीत, बाजूच्या पोरीने सांगितले. चौकोनात त्याने नळी काढलीय, खाली थेंब, आणि थेंबाएवढीच चिमणी. लिहिलं काहीच नाही. मी त्याच्या तोंडचं खाली लिहून तारीख टाकून ठेवलं.

पिल्लाच्या गोष्टीवर मार्क अजून टाकले नाहीत. नोंद लिहिली. मुख्याध्यापकांनी वाचली आणि विचारलं, पिल्लू जगलं ना?

गंगापूर रोडच्या ताई, तुमच्या मारुतीचं पुढे काय झालं? मागच्या तोंडाने काय उत्तर दिलं?

आई_गंगापूररोड

वहीत शेवट नव्हताच, वेळ संपली होती म्हणे. तुमचं वाचून रात्री जेवताना त्याला विचारलं. जरा वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, मागचं तोंड म्हणतं, पोहता नाही येत, पण तू पुढून येणारं पाणी बघ, मी गेलेलं बघतो, ओसरलं की सांगतो.

लिहून ठेवू का म्हटलं, तर म्हणे तू लिही, मी सांगतो.