प्रतिसाद : चुना खाणीतला नव्हे, खाडीतला

जुन्या गोव्यातल्या चर्चेसना लागलेला चुना इथल्याच चुनखडीच्या खाणींतून आला असणार, असं वर एकाने लिहिलंय. थोडी भर घालतो.

गोव्यात बांधकामासाठी खाण खोदली जायची ती चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा ताजा काढला की मऊ असतो, कुदळीने तासता येतो, आणि वारा-ऊन लागलं की टणक होतो. चुन्याचं काम मात्र खाडीतल्या शिंपल्यांनी भागायचं. तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्या कवचातही चुनखडीतलाच कॅल्शियम कार्बोनेट असतो. भट्टीत शिंपल्यांचे आणि जळणाचे थर लावून साधारण ९०० अंशांपर्यंत तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध कार्बोनेटमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो. मग पाणी घालून तो विरवायचा. पुढे सिमेंट आलं आणि या भट्ट्यांचं गिऱ्हाईक गेलं.

जांभा सच्छिद्र, त्यामुळे आपल्या पावसात त्याला चुन्याचा गिलावा हवाच. जुन्या गोव्यातल्याच बॉम जेझू चर्चच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. जुनं दिसावं म्हणून, म्हणे! तेव्हापासून चिरे झिजताहेत आणि गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे. माझं मत, करावा. लालभडक भिंती फोटोत छान दिसतात हे खरं, पण बांधणाऱ्यांनी त्या उघड्या ठेवायला बांधल्याच नव्हत्या. दर्शनी भागातला काळा दगड तेवढा वसईकडून आणलेला.