१२ वर्षांच्या मुलाचं गुडघ्यातलं एसीएल तुटलंय: ऑपरेशन आत्ता की वाढ संपल्यावर?

ओवी:
मुलगा १२ वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी फुटबॉल खेळताना धावता धावता वळला आणि गुडघ्यातून टक् असा आवाज आला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा) पूर्ण तुटलेलं दिसतंय, शिवाय आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे सांध्यातल्या गादीला, चीर. एक डॉक्टर म्हणतात, वाढ संपेपर्यंत थांबा, नाहीतर पाय आखूड किंवा वाकडा होईल. दुसरे म्हणतात, थांबू नका. दोघंही अनुभवी. रात्र रात्र झोप नाही.

पाऊलवाट:
ओवीताई, माझ्या लेकीला ११व्या वर्षी हेच झालं. आम्ही थांबलो होतो. ब्रेस लावायचा, खेळ बंद, असं ठरलं. पण त्या वयाचं पोर किती दिवस जपून चालणार? सात महिन्यांत तीनदा गुडघा निसटला, एकदा तर नुसता जिना उतरताना. पहिल्या एमआरआयमध्ये शाबूत असलेला मेनिस्कस ऑपरेशनच्या वेळी फाटलेला निघाला. थोडा शिवता आला, थोडा काढून टाकावा लागला. तो काढलेला भाग मला अजून सलतो, कारण तो पुन्हा येत नाही. तुमच्याकडे तर चीर आधीच आहे.

पाय वाकडा होण्याची भीती खोटी नाही. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरातून) होते, वर्षाला साधारण १ सेंटीमीटर. मोठ्यांच्या ऑपरेशनमध्ये नवं लिगामेंट बसवायला हाडात पाडलेला बोगदा नेमका तिथूनच जातो, आणि प्लेटमध्ये स्क्रू किंवा हाडाचा तुकडा बसला तर तेवढ्या जागी वाढ खुंटते. म्हणून आधी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायला सांगा. लेकीची बरीच वाढ बाकी होती, तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा आयटी बँड हा जाड पट्टा घेऊन, हाडात बोगदा न पाडता नवं लिगामेंट बसवलं. वाढ थोडी उरली असेल तर हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूची) कंडरा वापरतात. बोगदा बारीक आणि जरा उभा ठेवतात, स्क्रू प्लेटपासून लांब. लहान मुलांची अशी ऑपरेशनं नेहमी करणारेच सर्जन शोधा.

फिजिओ_मीरा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा पूर्ण सरळ होतो का? मध्येच अडकतो का? अडकत असेल तर मेनिस्कसचा तुकडा सांध्यात आला असू शकतो, मग लगेच दाखवा. नसेल तर सूज उतरवणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं आत्तापासूनच सुरू करा. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन झालं तर नंतर फार जड जातं. आणि खेळायला परत निदान १२ महिन्यांनी. मुलं सहाव्या महिन्यातच म्हणतात, मी ठीक आहे. नवं लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका याच वयात सर्वांत जास्त असतो. मांडीची ताकद दुसऱ्या पायाशी मोजून बघितल्याशिवाय मैदानावर सोडू नका.

ओवी:
अडकत नाही, पण शेवटचं थोडं सरळ होत नाही. मनगटाच्या एक्स-रेबद्दल आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. पाऊलवाट, लेक आता कशी आहे?

पाऊलवाट:
१५ वर्षांची झाली. दोन्ही पाय सारखे आहेत, पळते. वाढ पूर्ण थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी उभं करून दोन्ही पायांचा एक्स-रे काढतो, तेवढं तुम्हीही चुकवू नका. पुढच्या आठवड्यात डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिहा, मी बघत राहीन.