जुनी स्पोर्ट्स सेडान दान करायची आहे, कुणी केलंय का? (न्यू जर्सी)

एडिसनकर
नमस्कार मंडळी. येत्या जुलैत आम्ही कायमचे पुण्याला परत चाललोय, १९ वर्षांनी. बाकी सामान बऱ्यापैकी मार्गी लागलं पण एका गाडीवर घोडं अडलंय. २०१० ची अ‍ॅक्युरा टीएल, एसएच-एडब्ल्यूडी (म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी), सहा गिअरची मॅन्युअल, ३०५ हॉर्सपॉवर. १ लाख ३८ हजार माइल झालेत, पण हायवेला अजून अशी पळते की विचारू नका. मुलीला क्लच कसा सोडायचा ते हिच्यावरच शिकवलं, गिअर नॉबवरचे आकडे आता पुसट झालेत इतका हात फिरलाय त्यावर. टायमिंग बेल्ट परत ड्यू आहे, गॅरेजवाला १४०० डॉलर सांगतोय. भारतात न्यायचा प्रश्नच नाही, स्टिअरिंग डावीकडे आणि तिथे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणू देत नाहीत.

बायको म्हणते दान करू. जाहिरातीत म्हणतात फोन करा, टो करून फुकट नेऊ, टॅक्समध्ये सूट मिळेल. ऑनलाइन बघितलं तर प्रायव्हेट पार्टी किंमत (डीलरशिवाय थेट कुणाला विकली तर मिळणारी) ६ ते ७ हजार डॉलर दिसते, मग तेवढी सूट मिळते का? आणि खरं सांगायचं तर टॅक्सच्या सुटीपेक्षा जास्त हे जाणून घ्यायचंय की गाडी दिल्यावर तिचं नक्की होतं काय, कुणाच्या उपयोगी पडते का.

मंजू_टॅक्स
एडिसनकर, मी इथे टॅक्स रिटर्न्स भरून देते, दरवर्षी दोन-तीन जण हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेक वेळा गाडी देऊन झाल्यावर येतात, तुम्ही आधी विचारलंत ते बरं झालं.

७ हजार वगैरे डोक्यातून काढा. २००५ पासून नियम असा आहे की संस्थेने गाडी विकली तर जेवढ्याला विकली तेवढीच सूट, तुमच्या साइटवरची किंमत धरत नाहीत. ५०० किंवा त्याहून कमीला गेली तर ५०० किंवा बाजारभाव यातलं जे कमी ते. संस्था विक्रीनंतर ३० दिवसांत फॉर्म १०९८-सी पाठवते, त्यावर विक्रीची रक्कम असते, तो रिटर्नला जोडायचा आणि ५०० च्या वर असेल तर फॉर्म ८२८३ (वस्तूच्या दानाचा) पण. तुम्ही तोवर पुण्यात असाल, म्हणून इथल्या खात्रीच्या माणसाचा पत्ता द्या.

दुसरं म्हणजे ही सूट आयटमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे जो रिटर्नमध्ये एकेक वजावट वेगळी दाखवतो त्यालाच. २०२६ ला जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) ३२,२०० आहे, घराचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स धरून त्याच्यावर जात नसाल तर गाडीची सूट शून्य. जात असाल तरी २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्धा टक्का दान आधी वजा होतं, म्हणजे २ लाख उत्पन्न असेल तर पहिले १००० धरतच नाहीत.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्या जोडप्यालाही २००० पर्यंतच्या दानाची सूट आहे, पण फक्त रोख दानाची, वस्तूची नाही. मग गाडी स्वतः विका आणि त्यातले पैसे संस्थेला द्या. वापरलेली गाडी घेतल्या किमतीपेक्षा कमीला विकली तर त्यावर टॅक्स नाही.

सह्याद्रीप्रेमी
मंजूताईंना पूर्ण अनुमोदन. मी तीन वर्षांपूर्वी अशीच एक सेडान दिली, भारी कंडिशनमध्ये होती, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फोल्डरमध्ये लावून दिल्या होत्या. फोन केला तर तो नंबर संस्थेचा नव्हताच, मधली एक कंपनी होती, ट्रक आला, ड्रायव्हरने फोल्डर मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी थेट लिलावाला. ८५० डॉलरला गेली. त्यातून मधल्या कंपनीने आपला वाटा कापला आणि उरलेले संस्थेला. मला सुटीचं एवढं वाटलं नाही, पण ज्या मुलांसाठी म्हणून दिली त्यांच्यापर्यंत किती पोचलं याचं खूप वाईट वाटलं. संस्था वाईट नव्हती, मीच आधी विचारायला हवं होतं की गाडी तुम्ही स्वतः विकता की दुसऱ्याकडून, आणि शंभरातले किती तुमच्या हातात पडतात. आयआरएसच्या (इथल्या टॅक्स खात्याच्या) साइटवर संस्थेचं नाव टाकून ती ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

पाना_आणि_पक्कड
एक वेगळा रस्ता सुचवतो. तुमच्या जवळपासच्या कम्युनिटी कॉलेजला ऑटोमोटिव्हचा कोर्स आहे का बघा. मी माझी जुनी गाडी तशीच दिली. तिथल्या सरांनी सांगितलं की लोक आणून देतात त्या बहुतेक साध्या ऑटोमॅटिक, मॅन्युअल ट्रान्समिशन उघडून दाखवायला मिळतच नाही. तुमची तर मॅन्युअल आणि वर ऑल व्हील ड्राइव्ह. शिवाय टायमिंग बेल्ट ड्यू आहे म्हणताय, ते काम पोरं शिकता शिकता करतील. मी नंतर एकदा बघायला गेलो तर माझी गाडी लिफ्टवर, खाली तीन मुलं उभी आणि एक मुलगी क्लच प्लेट हातात घेऊन सरांना काहीतरी विचारत होती.

मेरीलँडची व्हेइकल्स फॉर चेंज गरजू कुटुंबांना गाड्या देते, चांगलं काम आहे, पण प्रीमियम पेट्रोल पिणारी मॅन्युअल गाडी अशा घराला परवडत नाही, तिथे कोरोला-सिव्हिक द्यावी.

मंजू_टॅक्स
हे उत्तम. कॉलेज गाडी न विकता शिकवायला खरंच वापरणार असेल आणि तसं लेखी दिलं तर विक्रीची मर्यादा लागत नाही, बाजारभावाची सूट मिळू शकते. फक्त ५००० च्या वर दाखवायचं असेल तर अप्रेझल (तज्ज्ञाकडून किमतीचं मूल्यांकन) करून घ्यावं लागतं आणि ८२८३ च्या सेक्शन बी वर कॉलेजचीही सही लागते.

एडिसनकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला तो क्लच प्लेटवाला परिच्छेद वाचून दाखवला, ती म्हणाली झालं, ठरलं. आम्ही आयटमाइझ करतच नाही, त्यामुळे सुटीचा विषय आमच्यासाठी मिटला, अप्रेझलची भानगडही नको. आज दोन कॉलेजांना फोन केले, एकाने व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि फोटो मागवलेत. त्यांनी घेतली नाही तर स्वतः विकून पैसे देऊ. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) देताना काय बघायचं?

सह्याद्रीप्रेमी
टायटलच्या मागे घेणाऱ्याच्या जागी कॉलेजचं नाव लिहूनच सही करा, ती जागा कोरी सोडू नका. जर्सीत नंबर प्लेट आपण काढून घ्यायच्या आणि एमव्हीसीत (इथलं आरटीओ) जमा करायच्या, पावती सांभाळा, मग इन्शुरन्स बंद करा, आधी नको. आणि काचेवरचा ई-झेडपास (टोलचा टॅग) आणि सनशेडला लावलेला गॅरेजचा रिमोट काढा, माझा रिमोट गाडीबरोबर गेला होता आणि रातोरात कोड बदलायला लागला होता.