पीपीसीत सुपरप्लास्टिसायझर टाकलं, स्लॅब दुसऱ्या दिवशीही ओला. काय चुकलं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, घराचं काम चालू आहे, काल सकाळी पोर्चचा छोटा स्लॅब टाकला आणि तेव्हापासून जीवाला घोर लागलाय. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), वाळू म्हणजे क्रश सँड (दगड फोडून केलेली), पाणी टँकरचं, आणि ऊन तर तुम्हाला माहितीच आहे, दुपारी ४२ च्या पुढं. मिस्त्री म्हणाला पाणी वाढवू नका, त्यापेक्षा सुपरप्लास्टिसायझर आणा, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारं औषध, म्हणून कॅन आणला. पहिले दोन-तीन माल लोण्यासारखे सरकले पण वीस-पंचवीस मिनिटांत घमेल्यातच आवळायला लागले, मग पोरांनी आणखी औषध ओतलं, मोजून नाही, अंदाजानं. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड गोणीला २०० मिली आधीपासून चालूच होतं. आता आज दुपारचे बारा वाजले तरी शेवटच्या भागात अंगठा रुततोय आणि वर बारीक चिरा पण दिसायला लागल्यात. सिमेंटच खराब निघालं का? फोडावा लागेल का हो? लवकर सांगा प्लीज.

आरएमसीवाला
दादा आधी एक करा, आत्ताच्या आत्ता गोणपाट ओलं करून टाका वर आणि प्लास्टिकनं झाका, बाकीचं नंतर वाचा. सेट व्हायला उशीर आणि वरून गरम वारा, त्यात वरचं पाणी उडून जातं, चिरा त्याच्याच आहेत.

आता कारण. सिमेंटवर लगेच आळ घेऊ नका. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची राख, असते, ती मुळातच सावकाश काम करते. त्या राखेत न जळलेला कार्बन राहिला असेल तर तो औषध शोषून घेतो, म्हणून एकाच कॅनमधलं औषध एका सिमेंटला भारी चालतं आणि दुसऱ्याला चालतच नाही. माल लवकर आवळला त्याचं दुसरं कारण तुमची क्रश सँड असू शकते. आपल्याकडं काळी माती, तिच्यातली चिकण माती पीसीई औषधाला (सुपरप्लास्टिसायझरचा एक प्रकार) स्पंजसारखी ओढून घेते, वाळूत ती थोडी जरी आली तरी फ्लो पडतो, म्हणजे माल घट्ट होतो.

आणि उशीर का झाला तर दोन औषधं एकत्र झाली म्हणून. वॉटरप्रूफिंगची बरीच लिक्विडं लिग्नोसल्फोनेटची असतात, ते लाकडाच्या लगद्यातनं निघतं, त्यात साखरेचा अंश असतो आणि साखर सिमेंटला जमू देत नाही. त्यावर सुपरप्लास्टिसायझरचा ओव्हरडोस, तो पण सेटिंग मागंच ढकलतो. कॅनवर काय लिहिलंय, नॅप्थॅलिन बेस (हा दुसरा प्रकार) का पीसीई? दोन्ही एकात मिसळू नयेत कधी.

जुळे_सोलापूरकर
गोणपाट टाकलं दादा. कॅनवर पीसीई आहे, डोस सिमेंटच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का. म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५० ते ५०० ग्रॅम ना? पोरांनी लिटरभर तरी ओतलं असेल शेवटच्या मालात. 😟

निवृत्त_ओव्हरसियर
हिशोब बरोबर आहे. लिटरभर म्हणजे दुपटीच्याही वर गेलं. पण घाबरून फोडू नका. आयएस कोडप्रमाणं (भारतीय मानक) सिमेंटचं फायनल सेटिंग ६०० मिनिटांत व्हायला पाहिजे, पण ती टेस्ट नुसत्या सिमेंट-पाण्याची असते, औषध घातलेल्या मालाची नाही. जास्त डोसचा स्लॅब दोन दिवसांनी जमलेला मी पाहिलाय आणि पाणी जास्त घातलं नसेल तर पुढं ताकद पण येते. आधार (खालचे टेकू) अजिबात काढू नका. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस दिलेत पण ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी, तुम्ही १४ च्या खाली येऊच नका. क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, पण मिश्र सिमेंटला (तुमच्या पीपीसीसारख्या), त्यातनं आपल्या उन्हात, १४ दिवस सांगितलंय. २८ दिवसांनी रिबाउंड हॅमर (ठोकून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) मारून घ्या, शंका वाटली तर कोर (तपासायला कापलेला गोल तुकडा) काढा, मग ठरवा. तीन दिवसांनी पण मऊच राहिला तर मात्र इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, फोटोवर कुणी सांगू शकत नाही.

हत्तुरेवस्ती_मिस्त्री
टँकर कुठला होता ते पण बघा ओ. आपल्याकडं साखर कारखाने लई, मळी वाहिलेल्या टाकीतनं पाणी आलं तर काय होतं ते मी एका साईटवर भोगलंय, कॉलम तीन दिवस कच्चा. साखरेच्या रिकाम्या पोत्यातनं वाळू पण नेऊ नये, सिमेंटच्या हजारात एक भाग साखर पण पुरे होते घोळ करायला.

आरएमसीवाला
मिस्त्रींचा मुद्दा बरोबर. दादा, वरचा स्लॅब बाकी असेल तर एक काम करा. तेच सिमेंट, तीच वाळू, तेच पाणी घेऊन एका गोणीचा ट्रायल माल आदल्या दिवशी करा, त्याच तापमानात. वॉटरप्रूफिंग बंद. औषध मापी ग्लासनं, आणि थोडं पाणी राखून ठेवून त्यात मिसळून शेवटी घाला, कोरड्या सिमेंटवर ओतू नका, ते लगेच चिकटून वाया जातं. स्लम्प (माल किती पातळ आहे त्याचं माप) लगेच घ्या, मग अर्ध्या तासानं परत घ्या. तो फार कमी होत असेल तर पोरांना डोस वाढवू देऊ नका, आधी वाळू धुऊन बघा. आणि स्लॅब शक्यतो पहाटे टाका.

जुळे_सोलापूरकर
खूप आभार सगळ्यांचे. संध्याकाळी सहाला बघितलं, कडेला नख उमटत नाही आता, मधला भाग अजून थंड आणि जरा मऊ आहे. पाणी मारतोय, आधाराला कुणाला हात लावू देत नाही. टँकरवाल्याला विचारतो, उद्या सकाळी परत लिहितो.